तीन, पाच, सात, नऊ : न्यायालय आपलाच निकाल कसं बदलतं?

गिरगाव, भुलेश्वर, लालबाग या भागांतून चालताना जुन्या इमारतींना लावलेले लाकडी टेकू दिसतात. वर दांडीवर कपडे वाळत असतात, खाली किराणा मालाचं दुकान चालू असतं आणि मधला सज्जा त्या टेकूंच्या भरवशावर उभा असतो. अशाच इमारतींच्या मालकीवरून सुरू झालेला वाद १९९२ साली सर्वोच्च न्यायालयात पोहोचला. त्यावरचा गाजलेला निकाल आला ५ नोव्हेंबर २०२४ रोजी. तो नऊ न्यायमूर्तींनी दिला आणि तोही एकमतानं नाही.

ही बातमी वाचताना अनेकांना दोन प्रश्न पडले असतील. मुंबईतल्या घरमालकांच्या वादाला नऊ न्यायमूर्ती कशाला हवेत? सर्वोच्च न्यायालयाचे तीन न्यायमूर्ती पुरेसे नव्हते का? दुसरा प्रश्न त्याहून चक्रावणारा आहे. एवढ्या मोठ्या पीठानं निकाल दिला, तरी त्या इमारतींचं काय करायचं हे त्यात ठरलंच नाही. मग ठरलं काय?

दोन्ही प्रश्नांची उत्तरं एकाच व्यवस्थेत सापडतात. न्यायालयानं एकदा सांगितलेला कायदा कोण बदलू शकतं आणि कसा, याची ती व्यवस्था आहे. ती समजली की न्यायालयाच्या बातम्या वाचण्याची आपली रीतच बदलते.

मूळ वाद काय होता?

मुंबई शहर भागात सप्टेंबर १९६९ पर्यंत बांधलेल्या हजारो भाड्याच्या इमारती आहेत. भाडे नियंत्रण कायद्यामुळे त्यांची भाडी जुन्या आकड्यांवर गोठली. एवढ्या भाड्यात दुरुस्ती परवडत नाही, असं मालकांचं म्हणणं. घर सोडून जायचं कुठे, हा भाडेकरूंचा प्रश्न. त्यावर सरकारनं या इमारतींवर उपकर लावला आणि त्या पैशातून दुरुस्ती करायला मंडळ नेमलं. म्हणून या इमारतींना 'उपकरप्राप्त' म्हणतात.

१९७६ साली म्हाडाचा, म्हणजे राज्याच्या गृहनिर्माण प्राधिकरणाचा, कायदा आला. १९८६ साली त्यात आठ-अ हे नवं प्रकरण घातलं गेलं. इमारतीतल्या ७० टक्के रहिवाशांनी सहकारी संस्था करून मागणी केली, तर ती इमारत संपादित करून त्या संस्थेला देता येईल, अशी तरतूद झाली. मालकाला भरपाई मिळणार होती मासिक भाड्याच्या शंभर पट. म्हणजे महिन्याचं भाडं २०० रुपये असेल, तर २० हजार रुपये. मुंबईतल्या जागेचे भाव पाहता मालक न्यायालयात गेले यात नवल नाही. उच्च न्यायालयानं १९९१ मध्ये त्यांचं म्हणणं फेटाळलं आणि प्रकरण दिल्लीला गेलं.

सरकारनं राज्यघटनेतल्या दोन तरतुदींचा आधार घेतला. पहिली, अनुच्छेद ३९ (बी). समाजाच्या भौतिक साधनसंपत्तीची मालकी आणि नियंत्रण सर्वांच्या हिताचं होईल अशा रीतीनं वाटलं जावं, असं मार्गदर्शन ती राज्यसंस्थेला करते. दुसरी, अनुच्छेद ३१ (सी). हे उद्दिष्ट गाठण्यासाठी केलेल्या कायद्याला ती कवच पुरवते. समानतेच्या किंवा अनुच्छेद १९ मधल्या स्वातंत्र्यांच्या हक्काचा भंग झाला, एवढ्यावरून तो कायदा रद्द करता येत नाही.

आता सगळा भार एका शब्दप्रयोगावर आला. 'समाजाची साधनसंपत्ती' म्हणजे नेमकी कोणती? नदी, जंगल, खाणी यांबद्दल वाद नाही. पण एखाद्याच्या वडिलोपार्जित मालकीची चार मजली इमारतही 'समाजाची' म्हणायची का?

न्यायालय एक, पीठं अनेक

१९५० साली सर्वोच्च न्यायालय सुरू झालं तेव्हा सरन्यायाधीशांसह आठ न्यायमूर्तींची तरतूद होती आणि ते एकत्र बसून खटले ऐकत. काम वाढलं तशी पदं वाढली. २०१९ च्या दुरुस्तीनं ती ३४ झाली. इतक्या जणांनी रोज एकत्र बसणं शक्यच नाही. म्हणून न्यायमूर्तींचे लहान गट खटले ऐकतात. अशा गटाला 'पीठ' म्हणतात. कोणत्या पीठावर कोण बसेल आणि त्याच्यापुढे कोणता खटला जाईल, हे सरन्यायाधीश ठरवतात.

रोजचे बहुतेक खटले दोन किंवा तीन न्यायमूर्ती ऐकतात. राज्यघटनेचा अर्थ लावण्याचा महत्त्वाचा प्रश्न असेल, तर अनुच्छेद १४५ (३) प्रमाणे किमान पाच जण लागतात. त्या पीठाला आपण 'घटनापीठ' म्हणतो. कमाल मर्यादा मात्र घटनेनं घातलेली नाही.

इथेच अडचण उभी राहते. अनुच्छेद १४१ सांगतो की, सर्वोच्च न्यायालयानं जाहीर केलेला कायदा देशातल्या सर्व न्यायालयांवर बंधनकारक असतो. पण न्यायालय एकाच वेळी दहा-बारा दालनांत बोलत असेल आणि दोन दालनांतून दोन वेगळे कायदे बाहेर आले, तर गडचिरोलीच्या किंवा सावंतवाडीच्या न्यायाधीशानं कोणाचं ऐकायचं?

सर्वसाधारण सभा आणि कमिटी

याचं उत्तर आपल्या गृहनिर्माण सोसायटीच्या कारभारात शोधू. सर्वसाधारण सभेनं ठराव केला की गच्चीवर कोणीही शेड बांधायची नाही. पुढं व्यवस्थापक कमिटीतल्या पाच जणांना वाटलं, हा ठराव चुकला. ते तो परस्पर रद्द करू शकत नाहीत. फार तर विषय पुन्हा सभेपुढे ठेवू शकतात. सभेत तो ठराव १५ विरुद्ध १४ मतांनी झाला असेल आणि कमिटीचे पाचही जण आज एकमतानं विरोधात असतील, तरी फरक पडत नाही. ठराव सभेचा, म्हणून तोच चालणार.

सर्वोच्च न्यायालयाच्या पीठांचंही असंच आहे. मोठ्या पीठाचा निकाल लहान पीठानं पाळायचा. २००४ साली दाऊदी बोहरा समाजाच्या मंडळानं महाराष्ट्र सरकारविरुद्ध केलेल्या प्रकरणात पाच न्यायमूर्तींनी हा नियम स्पष्ट केला. लहान पीठाला मोठ्या पीठाचं म्हणणं पटलं नाही, तर ते एवढंच करू शकतं : प्रकरण सरन्यायाधीशांकडे पाठवून मोठं पीठ नेमण्याची विनंती. समोरचा जुना निकाल आपल्याइतक्याच सदस्यांच्या पीठाचा असेल, तर त्याच्या बरोबरपणाबद्दल शंका घेऊन तो वर पाठवता येतो. पण उलटवता येत नाही.

२०२२ मध्ये आणखी एक गाठ सुटली. सात जणांच्या पीठानं ४ विरुद्ध ३ असा निकाल दिला आणि पाच जणांच्या पीठानं एकमतानं वेगळा दिला, तर वरचढ कोण? बहुमतातले चार आणि पाच मोजले तर पाच मोठे वाटतात. पण न्यायालयानं सांगितलं की पीठ केवढं होतं ते मोजायचं, बहुमतात किती होते ते नाही. सातांचं पीठ वरचढ.

म्हणून महत्त्वाच्या निकालांचे आकडे जिन्यासारखे चढत गेलेले दिसतात. संसदेच्या घटनादुरुस्तीच्या अधिकाराबाबतचा गोलकनाथ खटल्याचा १९६७ चा निकाल अकरा जणांचा होता, म्हणून त्याच प्रश्नावरच्या केशवानंद भारती खटल्यासाठी तेरा बसले आणि २४ एप्रिल १९७३ रोजी ७ विरुद्ध ६ असा निकाल आला. अनुसूचित जातींच्या उपवर्गीकरणाबाबतचा २००४ चा निकाल पाच जणांचा होता; तो बदलायला २०२४ च्या ऑगस्टमध्ये सात लागले.

शीर्षकातल्या पायऱ्या

आता मुंबईच्या इमारतींकडे परत येऊ. हा खटला आधी तीन न्यायमूर्तींपुढे आला. त्यांच्या वाटेत १९८२ चा पाच जणांचा एक निकाल होता, म्हणून १९९६ मध्ये त्यांनी प्रकरण पाचांकडे पाठवलं. पाचांच्या बळावर पाचांचा निकाल उलटवता येत नाही, म्हणून २००१ मध्ये ते सातांकडे गेलं. सातांनी मागं पाहिलं तर १९७७ चं एक मत सात जणांच्या पीठातून आलेलं. फेब्रुवारी २००२ मध्ये त्यांनी सांगितलं की, प्रत्येक खासगी मालकीची वस्तू समाजाची साधनसंपत्ती ठरते, हा इतका व्यापक अर्थ स्वीकारणं आम्हाला अवघड वाटतं. हे नऊ जणांनी पाहावं.

तीन, पाच, सात, नऊ. इमारतींचा वाद नऊ जणांपर्यंत गेला तो वादाच्या रकमेमुळे नाही. वाटेत उभे असलेले जुने निकाल तितके उंच होते म्हणून.

अल्पमत मुख्य दारातून आणि मागच्या दारातून

ते १९७७ चं मत कसलं होतं? कर्नाटक सरकारनं करारावर चालणाऱ्या खासगी बस ताब्यात घेतल्या होत्या. तो कायदा वैध आहे, यावर सातही न्यायमूर्तींचं एकमत झालं. पण निकालपत्रं दोन निघाली. तिघांच्या वतीनं न्यायमूर्ती व्ही. आर. कृष्ण अय्यर यांनी लिहिलं की, 'समाजाची साधनसंपत्ती' या शब्दांत खासगी मालकीची संपत्तीही येते. उरलेल्या चौघांनी मात्र या मुद्द्यावर मत द्यायची गरज नाही असं म्हटलं आणि आम्ही त्या विचाराशी सहमत आहोत असं समजू नये, हेही नोंदवून ठेवलं.

पाच वर्षांनी, १९८२ मध्ये, कोक तयार करणाऱ्या कारखान्यांच्या राष्ट्रीयीकरणाचा खटला आला. पाच न्यायमूर्तींनी कृष्ण अय्यर यांचं विवेचन आधार म्हणून घेतलं. सोसायटीच्या भाषेत सांगायचं तर, सभेत तिघांनी मांडलेलं मत इतिवृत्तात लिहिलं गेलं होतं. पुढच्या कमिटीनं इतिवृत्त उघडलं आणि तेच मत ठराव समजून कारभार सुरू केला. २०२४ मध्ये बहुमतानं हीच चूक दाखवली : सातांपैकी तिघांचं मत पुढच्या पाचांनी आधाराला घ्यायला नको होतं.

याचा अर्थ अल्पमताला किंमत नाही असा नव्हे. आणीबाणीत, १९७६ साली, जबलपूर खटल्यात पाचांपैकी चार न्यायमूर्तींनी म्हटलं की, अटकेत टाकलेल्या माणसाला आपल्या स्वातंत्र्यासाठी न्यायालयाचं दार ठोठावता येणार नाही. एकट्या न्यायमूर्ती एच. आर. खन्ना यांनी विरोध नोंदवला. ४१ वर्षांनी, २०१७ मध्ये, खासगीपणाच्या हक्काच्या खटल्यात नऊ जणांच्या पीठानं तो बहुमताचा निकाल स्पष्ट शब्दांत रद्द ठरवला आणि खन्ना यांची बाजू योग्य मानली. १९७६ च्या बहुमतात न्यायमूर्ती यशवंत विष्णू चंद्रचूड होते. तो निकाल गंभीररीत्या सदोष होता, असं २०१७ मध्ये लिहिणारे न्यायमूर्ती धनंजय चंद्रचूड हे त्यांचेच पुत्र.

दोन्ही अल्पमतं विचारपूर्वक लिहिलेली होती. फरक वाटेचा होता. खन्नांचं मत मोठ्या पीठानं उघडपणे तपासून आत घेतलं. कृष्ण अय्यर यांचं मत तशी तपासणी होण्याआधीच कायदा म्हणून वापरात आलं, आणि मग ते निस्तरायला चार दशकं लागली.

ठरलेलं आणि नुसतं बोललेलं

नऊ जणांपुढे आणखी एक पेच होता. १९९६ च्या अखेरीस अबकारी कराच्या परताव्याच्या एका खटल्यात नऊ न्यायमूर्तींच्या पीठातल्या एका निकालपत्रात एक वाक्य आलं होतं : समाजाच्या साधनसंपत्तीत खासगी साधनंही येतात. नऊ जणांना नऊ जणांचा निकाल उलटवता येत नाही. मग पुढं अकरा बसवायचे?

इथे निकालपत्र कसं वाचायचं, हा मुद्दा येतो. आपण तापासाठी डॉक्टरकडे जातो. डॉक्टर गोळ्या लिहून देतात आणि आपण उठताना म्हणतात, "तुमच्या भावालाही जरा मीठ कमी करायला सांगा." सल्ला चांगला असेल, पण तपासणी आपली झाली, भावाची नाही. केमिस्ट चालतो तो चिठ्ठीवर.

निकालपत्राचंही तसंच. समोरचा वाद सोडवण्यासाठी जो विचार अपरिहार्य होता, तो निकालाचा गाभा. बंधनकारक असतो तो एवढाच. ओघात आलेली बाकीची विधानं आदरानं वाचायची, पण ती पुढच्या न्यायालयाला बांधत नाहीत. कराचा परतावा द्यायचा की नाही, हे ठरवायला 'साधनसंपत्ती' या शब्दाचा अर्थ लावण्याची गरज नव्हती. म्हणून ते एक वाक्य गाभ्याचा भाग नाही, असं २०२४ च्या पीठानं म्हटलं आणि वाट मोकळी झाली.

मग नऊ जणांनी काय ठरवलं?

तत्कालीन सरन्यायाधीश धनंजय चंद्रचूड यांनी सात जणांच्या वतीनं निकाल लिहिला. प्रत्येक खासगी मालमत्ता ही समाजाची साधनसंपत्ती नसते. मात्र काही खासगी मालमत्ता तशी असू शकते. कोणती, हे त्या त्या प्रकरणात पाहायचं. त्यासाठी निकष दिले : ती वस्तू कशा स्वरूपाची आहे, समाजाच्या भल्यावर तिचा काय परिणाम होतो, ती दुर्मिळ आहे का, आणि ती थोड्या खासगी हातांत एकवटली तर काय होईल.

न्यायमूर्ती बी. व्ही. नागरत्ना काही मुद्द्यांवर सहमत झाल्या आणि काहींवर त्यांनी वेगळं लिहिलं. न्यायमूर्ती सुधांशू धुलिया यांनी असहमती नोंदवली. जुना व्यापक अर्थच योग्य, असं त्यांचं मत. कवच पुरवणारा अनुच्छेद ३१ (सी), केशवानंद भारती खटल्यात जेवढा वैध ठरला होता तेवढा, आजही लागू आहे, यावर मात्र नऊही जण एकत्र होते.

त्या दिवशी 'सरकारला खासगी मालमत्ता घेता येणार नाही' असा निरोप मोबाइलवरून फिरला. निकाल तसं म्हणत नाही. रस्त्यासाठी किंवा धरणासाठी भूसंपादन करण्याचा सरकारचा अधिकार हा वेगळा विषय आहे, त्याचे कायदे वेगळे आहेत. इथे प्रश्न होता तो एका घटनात्मक शब्दाच्या व्याप्तीचा.

आणि इमारतींचं काय? मोठ्या पीठाकडे संपूर्ण खटला गेलाच नव्हता, गेले होते त्यातले प्रश्न. सभेनं ठरावाचा अर्थ सांगितला. त्याप्रमाणे शेडचं काय करायचं ते कमिटीनं पाहायचं. म्हाडा कायद्याचं आठ-अ प्रकरण टिकेल की नाही, हा वाद लहान पीठासाठी उरला.

दोष पायऱ्यांचा की थांबण्याचा?

तीस-बत्तीस वर्षं! एवढ्या पायऱ्या हव्यातच कशाला, असं वाटणं साहजिक आहे. पण पायऱ्या नसत्या तर काय झालं असतं ते पाहा. दोन न्यायमूर्तींना वाटलं आणि काल दिलेला हक्क आज गेला. परवा दुसऱ्या दोघांनी तो परत दिला. घर घेणारा, नोकरीला लागणारा, करार करणारा माणूस कोणत्या कायद्यावर भिस्त ठेवणार? पायऱ्यांमुळे न्यायालयाला आपलं म्हणणं सहजासहजी फिरवता येत नाही, आणि चूक झालीच तर ती सुधारण्याची वाटही बंद होत नाही. दोन्ही गोष्टी नागरिकाच्या हिताच्या आहेत.

उशीर पायऱ्यांमुळे होत नाही, हे खासगीपणाच्या खटल्यानं दाखवून दिलं. तिथे १९५४ चा आठ जणांचा निकाल आडवा होता. १८ जुलै २०१७ रोजी पाच जणांनी प्रश्न नऊ जणांकडे पाठवला आणि २४ ऑगस्टला एकमतानं निकाल आला. ३७ दिवस! इमारतींचा प्रश्न नऊ जणांकडे पाठवला गेला फेब्रुवारी २००२ मध्ये. त्याची सुनावणी एप्रिल २०२४ च्या अखेरीस सुरू झाली आणि १ मे रोजी संपली. जे काम आठवडाभराच्या युक्तिवादात आटोपलं, ते २२ वर्षं रांगेत उभं होतं.

यामागे खरी अडचणही आहे. नऊ न्यायमूर्ती एका प्रकरणात बसले की दोन-दोनच्या चार पीठांचं रोजचं काम थांबतं. जामीन, नोकरी, अपघाताची भरपाई असे खटले मागं पडतात. म्हणून मोठी पीठं बसवायला न्यायालय बिचकतं. पण एक प्रश्न वर टांगून ठेवला की, त्याच प्रश्नावर अडलेले खालचे सगळे खटले ताटकळतात. मालकाला कळत नाही इमारत राहील का, भाडेकरूला कळत नाही घर होईल का, आणि दुरुस्तीला हात कोणी घालायचा हे दोघांनाही कळत नाही. पावसाळा मात्र दरवर्षी येतो.

चौकट : न्यायालयाची बातमी वाचताना

• पीठ किती जणांचं? त्यावर आधीच्या किती मोठ्या निकालाला हात लावता येतो, हे ठरतं.

• प्रश्न कोणता होता? उत्तर तेवढ्याच प्रश्नाचं असतं.

• बहुमत काय म्हणालं? असहमतीचं निकालपत्र वाचनीय असतं, पण ते आजचा कायदा नव्हे.

• वाक्य गाभ्यातलं की ओघातलं? बातमीत ठळक छापलेलं वाक्य अनेकदा ओघातलं असतं.

• पुढं काय? प्रकरण संपलं, की लहान पीठाकडे परत गेलं?

यात सहावा प्रश्न आपण नागरिकांनी जोडायला हवा. 'प्रकरण मोठ्या पीठाकडे सोपवलं' अशी ओळ वाचली की विचारायचं : सुनावणी कधी? १९९२ साली या इमारतींत जन्मलेलं मूल २०२४ च्या निकालाच्या दिवशी बत्तीस वर्षांचं झालं होतं. त्याच्या लहानपणी सज्ज्याखाली लावलेला टेकू अजून तिथेच असेल, तर त्याला घटनेच्या शब्दाचा अर्थ कळला, एवढं पुरेसं नाही. त्याला पुढची तारीखही कळायला हवी.